बारशाआधीचं गरम पाणी

रियाधला आमच्या घरात डिझेलवर चालणारा बॉयलर होता, हे सांगितलं की लोक आजही माझ्याकडे संशयाने बघतात. ज्या गावात उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीतल्या गार पाण्याने हात पोळतात, तिथे बॉयलर कशाला? पण आमचा घरमालक तरुणपणी जर्मनीत शिकायला गेला होता आणि पदवीऐवजी बॉयलरची आवड घेऊन परत आला होता. स्वयंपाकघराला लागून एक कोंदट खोली, तिच्यात म्हशीएवढा निळा बॉयलर आणि बाजूला खिळ्याला टांगलेलं जर्मन भाषेतलं माहितीपुस्तक. बाकी साऱ्या गल्लीत विजेचे गिझर होते.

इराकने कुवेत गिळल्यानंतरच्या हिवाळ्यात माझी बायको बाळंत व्हायची होती. तिची आई, म्हणजे माझ्या सासूबाई, व्हिजिट व्हिसावर आधीच येऊन पोचल्या होत्या. साताऱ्याच्या शाळेत त्यांनी आयुष्यभर मराठी शिकवलं. निवृत्तीनंतर तपासायला वह्या उरल्या नाहीत, म्हणून त्या माणसं तपासत. मी सोलापूरचा. "आई, मी आंघोळ केलो," असं लग्नानंतर पहिल्याच दिवाळीत मी म्हणालो होतो. सगळं माहेर जमलेलं असताना त्या म्हणाल्या होत्या, "केलो नव्हे जावईबापू, केली. आंघोळ स्त्रीलिंगी." तेव्हापासून त्यांच्यासमोर मी शक्यतो क्रियापद टाळतो.

युद्ध सुरू व्हायच्या पाच दिवस आधी आम्हाला मुलगी झाली. माझी नोकरी बँकेत, कॉम्प्युटर विभागात. बँक चालूच होती. पासपोर्ट साहेबाच्या कपाटात आणि गावाबाहेर जायचं तर त्याचं पत्र लागायचं. ते पत्र बायकोला आणि सासूबाईंना मिळण्यासारखं होतं, मला नव्हतं. "तू गेलास तर कॉम्प्युटर कोण बघणार?" असं साहेब म्हणाला. माझी किंमत मला तिथे पहिल्यांदाच आणि भलत्याच वेळी कळली.

टीव्हीवर सूचना चालू होत्या. विषारी वायूचे बॉम्ब पडू शकतात, एक खोली हवाबंद करा, खिडक्यांना प्लास्टिक लावा, फटींना टेप लावा. कोपऱ्यावर एका रत्नागिरीकडच्या माणसाचा बकाला होता, म्हणजे आपलं वाणसामानाचं दुकान. त्याच्याकडून मी टेपची रिळंच्या रिळं आणली आणि कामाला लागलो. टेप लावायला मला फार आवडलं, हे कबूल केलं पाहिजे. युद्धात सामान्य माणसाला करण्यासारखं एवढं एकच काम होतं आणि ते मी मन लावून केलं. झोपायची खोली झाली, मग न्हाणीघर, मग स्वयंपाकघर. सासूबाई खुर्चीवर बसून फटी दाखवत होत्या. बाळंतिणीला वारा लागता कामा नये, असं त्यांचं आधीपासूनच म्हणणं होतं, त्यामुळे सद्दाम हुसेन आपल्याच बाजूचा आहे असा त्यांचा काहीसा समज झाला होता.

शेवटी दीड रीळ उरलं. उरलेली वस्तू वाया घालवायची नाही, हा आमच्या घराण्याचा गुण. मी रीळ घेऊन घराभोवती एक फेरी मारली, तर अंगणाच्या बाजूने बॉयलरच्या खोलीला ही एवढी जाळी! सगळं घर बंद केलं आणि दार उघडंच ठेवलं की काय, असं मला झालं. मी ती जाळी प्लास्टिक लावून चारी बाजूंनी दुहेरी टेपने बंद केली. आतल्या दाराच्या उंबऱ्याला ओला टॉवेल घातला. संध्याकाळी बायकोला नेऊन दाखवलंसुद्धा.

दोनच दिवसांनी बॉयलर बंद पडायला लागला.

म्हणजे पेटायचा, घुर्र करायचा, पाच-सहा मिनिटं चालायचा आणि खट्ट आवाज होऊन थांबायचा. मग त्याच्या पोटावर एक लाल बटण चमकायला लागायचं. ते दाबलं की पुन्हा घुर्र आणि पुन्हा खट्ट. मी कॉम्प्युटरवाला. बंद पडलेली वस्तू पुन्हा चालू करून बघायची, एवढंच शास्त्र मला येत होतं. मी बटण दाबत राहिलो.

हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट ही नव्हती. जानेवारीत रियाधला हाडं वाजतात. घरात आठवड्याची तान्ही मुलगी आणि ओली बाळंतीण. दोघींना रोज तेल लावून कढत पाण्याने न्हाऊ घालायचं, हे सासूबाईंचं इथे येण्याचं एकमेव कारण. गॅसवर तापवावं तर सिलिंडर एकच आणि सिलिंडरवाला दुकानाला कुलूप लावून गाव सोडून गेलेला. सासूबाईंनी साताऱ्याहून पाण्यात सोडायची विजेची कांडी आणली होती, पण आमच्या भिंतीतली वीज होती निम्म्या ताकदीची. कांडी तासभर बादलीत उभी राहिली आणि पाणी कोमटसुद्धा झालं नाही.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी निकाल दिला. त्यांची एक दूरची भाची जेद्दाला अझीझिया भागात राहायची. तिथे सायरन नव्हते आणि गिझर दोन होते.

"बारशापर्यंत हे नीट झालं तर ठीक," त्या म्हणाल्या. "नाहीतर बारसं झालं की दुसऱ्या दिवशी मी दोघींना घेऊन जेद्दाला जाते."

"आई, क्षेपणास्त्रं पडायला लागली तेव्हा तुम्ही जायचं नाव काढलं नाहीत!"

"क्षेपणास्त्रांचं काय, पडली तर पडली. बाळंतिणीला गार पाणी म्हणजे जन्माचं दुखणं."

बायकोने माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. जेद्दा म्हणजे हजार किलोमीटर. त्या तिघी गेल्या असत्या तर त्या टेप लावलेल्या घरात सायरन ऐकत मी एकटा. मला एकट्याला राहायची भीती वाटत होती, हे सरळच सांगतो. मुलीला मी अजून पुरतं ओळखतही नव्हतो आणि ती जायला निघाली होती. बारशाला पाच दिवस होते.

मी हट्टाला पेटलो. डिझेलचा फिल्टर काढून धुतला आणि धुताना निम्मं डिझेल शर्टावर घेतलं. डिझेलमध्ये पाणी असेल म्हणून टाकी उपसली, तर पाण्याचा थेंब नव्हता. जर्मन पुस्तकातल्या आकृत्या बघून एक स्क्रू उजवीकडे फिरवला, तो पाठोपाठ डावीकडे फिरवला. मग एक काचेचा डोळा सापडला. आतली ज्योत दिसते की नाही यावर हा डोळा लक्ष ठेवतो आणि ज्योत दिसली नाही की बॉयलर बंद करतो, एवढं आकृतीवरून कळलं. डोळा काजळीने काळाकुट्ट झाला होता. मी तो रुमालाने पुसला आणि बॉयलर चक्क आठ मिनिटं चालला. मी ओरडतच स्वयंपाकघरात आलो. माझा आनंद संपेपर्यंत खट्ट झालं.

त्यानंतर दर वेळी डोळा पुसायचा आणि बटण दाबायचं, असा क्रम ठरला. सासूबाई दारात उभ्या राहून दोन दिवस बघत होत्या.

"जावईबापू, मूल रडतंय आणि तुम्ही नुसते डोळे पुसताय," त्या म्हणाल्या. "का रडतंय ते कोण बघणार?"

मी चिडलो. पुसू नको तर काय करू, असं काहीसं बोललो. तशीही त्यांची तेव्हा डोकेदुखीची कुरकुर चालू होती. सकाळभर त्या स्वयंपाकघरात असत आणि दुपारी कपाळाला सुंठेचा लेप लावून पडत. चक्कर येते, मळमळतं म्हणत. "दिवसभर रेडिओला कान लावून बसता, दुसरं काय होणार?" असं मी त्यांना एकदा चांगलंच सुनावलं. भीतीने डोकं दुखतंय, हे माझं निदान होतं. त्यांनी रेडिओ बंद केला.

आमची आंघोळीची पद्धत तोवर बसून गेली होती. मी आत बटण दाबायचो आणि "यल्ला!", म्हणजे चला, म्हणून ओरडायचो. सासूबाई स्वयंपाकघरातला नळ सोडायच्या. सहा मिनिटांत एक बादली भरायची. मग बॉयलर खट्ट, मी काळा, सासूबाई बादली घेऊन न्हाणीघरात. एकदा भर सकाळी सायरन झाला. नियमाप्रमाणे सगळ्यांनी हवाबंद खोलीत जायचं. मी बायकोला नि मुलीला आत ढकललं आणि सासूबाईंना हाक मारली, तर त्या नळ धरून उभ्या.

"आई, सायरन!"

"सायरन पुन्हा वाजेल. पाणी पुन्हा यायचं नाही. बटण दाबा."

मी बटण दाबलं. देशोदेशींची सैन्यं डोक्यावर एकमेकांची शिकार करत होती आणि मी एका बादलीसाठी डिझेलच्या वासात उकिडवा बसलो होतो.

शेवटी बकालावाल्याने एका मेकॅनिकचा पत्ता काढला. "एक सुदानी हाय साहेब. बाकी सगळे पळाले. उद्या पाठवतो." दुसऱ्या दिवशी मी बँकेत होतो, बायको औषध घेऊन झोपलेली. मी संध्याकाळी घाईघाईने घरी आलो.

"मेकॅनिक आला होता?"

"आला होता," सासूबाई म्हणाल्या. "भला माणूस हो. उंच, काळासावळा. आधी मात्र तुमच्या त्या जाळीवरच्या टेपला हात घालायला गेला. मी अशी ओरडले! म्हटलं, आमच्या जावयांनी जिवाचं रान करून लावलंय ते, खबरदार. तर बिचारा नाक मुठीत धरून माफी मागायला लागला."

"बॉयलरचं काय म्हणाला?"

"बॉयलरबद्दल चकार शब्द नाही. माफी हवी, माफी हवी, एवढंच धरून बसला. मलाही वाईट वाटलं. मी त्याला डिंकाचा लाडू दिला आणि जा म्हटलं."

रियाधमधला उरलेला एकुलता एक बॉयलर मेकॅनिक येतो आणि माफी मागून जातो, याचा अर्थ दुखणं हाताबाहेर गेलेलं. मोठे डॉक्टर असेच मान हलवून निघून जातात. मी बायकोला सांगितलं, बॅगा भरायला घे.

बारशाच्या आदल्या दिवशी दुपारी बॅगा दाराशी आल्या. जेद्दाला जाणारी गाडी परवा पहाटेची ठरली. मला घरात बसवेना. खिडकीच्या एका फटीवरची टेप सुटत आली होती म्हणून मी नवीन रीळ आणायला बकालावर गेलो. आता लोकांना हसू येईल, पण मी खरोखर टेप आणायला गेलो होतो.

"तुमच्या त्या सुदान्याने काय केलं हो?" मी बकालावाल्यावर राग काढला. "नुसती माफी मागून गेला!"

"तो कशाला माफी मागेल?" तो म्हणाला. "उलट तोच रागावलाय. मला बोलला, मी सांगितलं काय बिघडलंय ते. दहादा सांगितलं. म्हातारी ऐकेना. उलट मलाच काय ते शिकवत बसली आणि लाडू दिलान. लाडू चांगला होता बोलला."

"काय सांगितलं त्याने?"

"ते मला नाय बोलला. तुमच्या घरी सांगितलंन ना."

मी टेप तिथेच काउंटरवर टाकली आणि घरी आलो. सासूबाई बारशासाठी घुगऱ्यांचे हरभरे निवडत होत्या. एका हाताने कपाळ दाबून धरलं होतं.

"आई, त्या मेकॅनिकचे शब्द सांगा. अगदी जसेच्या तसे."

"सांगितले की. माफी हवी म्हणाला."

"तुमचे नकोत. त्याचे हवेत."

त्यांनी हरभऱ्याचं ताट खाली ठेवलं. मास्तरीणबाईंना हा प्रश्न पटला असावा. "म्हणजे अवतरणचिन्हात?"

"हो. अवतरणचिन्हात."

"तो म्हणाला, 'हवा माफी, मामा, हवा माफी.' आता माफी स्त्रीलिंगी, तिला हवी लागतं. मी त्याला तसं सांगितलंसुद्धा. आणि मामा नव्हे, म्हणायचंच तर मामी म्हण. पण त्याची जीभ वळेना. म्हणून तुम्हाला सांगताना मी शुद्ध करून सांगितलं."

मी त्यांच्यासमोर खाली बसलो.

"आणि नाक?"

"अहो, खरंच नाक मुठीत धरलं त्याने. हे असं. आणि डोळे मिटले, मान टाकली. मी म्हटलं, आपल्यातली रीत सुदानातही आहे वाटतं."

इथे सौदीत राहणाऱ्या कुणालाही हसायला दोन सेकंद लागतील. अरबीत 'फी' म्हणजे आहे आणि 'मा फी' म्हणजे नाही. ब्रेड फी? ब्रेड माफी. इथे पाऊल ठेवल्यावर माणूस हेच दोन शब्द आधी शिकतो. हवेला अरबीतही हवाच म्हणतात. आणि कुठल्याही वयस्क बाईला इथले कामगार आदराने मामा म्हणतात. तो माणूस टेप लावलेल्या जाळीसमोर उभा राहून, स्वतःचं नाक दाबून, मरून दाखवून, परोपरीने सांगत होता की आत हवा नाही. आणि साताऱ्याच्या व्याकरणाने त्याला माफ करून लाडू देऊन परत पाठवलं होतं.

मी अंगणात धावलो. नखांनी टेप ओरबाडली. दुहेरी लावलेली, माझंच काम, सुटता सुटेना. शेवटी भाजीची सुरी आणून प्लास्टिक टराटरा फाडलं. आत जाऊन उंबऱ्याचा टॉवेल काढला, डोळा पुसला, बटण दाबलं. घुर्र झालं. पाच मिनिटं झाली. दहा झाली. सासूबाई दाराशी, त्यांच्यामागे पोरीला घेऊन बायको. वीस मिनिटांनी न्हाणीघराच्या नळातून वाफाळतं पाणी आलं तेव्हा बायको रडायला लागली आणि बॅगेवर जाऊन बसली.

बारशाच्या दिवशी सकाळी तो सुदानी आपणहून आला. बकालावाल्याने निरोप पोचवला असावा. त्याने बॉयलर उघडून आतली काजळी काढली, पसाभर निघाली. मग त्याने मला बाजूला घेतलं आणि मोडक्यातोडक्या हिंदीत विचारलं, लाल बटण दिवसातून कितीदा दाबायचास? मी म्हटलं, दहा-बारा वेळा. त्याने कपाळाला हात लावला. हवा नसली की डिझेल अर्धवट जळतं, त्यातून एक वायू सुटतो, त्याला वास नाही, रंग नाही. आधी डोकं दुखतं. मग चक्कर, मळमळ. मग त्याने तळहात गालाशी धरला, डोळे मिटले आणि म्हणाला, "खलास." बॉयलर बंद पडत होता म्हणून तुम्ही जिवंत आहात, साहेब. तो नीट चालला असता तर कुणीच उठलं नसतं.

विषारी वायू बाहेरून येईल म्हणून मी सगळं घर बंद केलं होतं. तो आमच्या स्वयंपाकघरात तयार होत होता आणि मी स्वतः बटण दाबून तो तयार करत होतो. आणि तो सगळ्यात जास्त कुणाच्या नाकात गेला, तर सकाळभर तिथे उभं राहून माझ्या मुलीसाठी बादली भरणाऱ्या बाईच्या. तिला मी म्हणालो होतो, भीतीने डोकं दुखतंय. मी त्या उघड्या जाळीखाली, अंगणातल्या फरशीवरच बसलो.

फी आणि माफीचा अर्थ मी आदल्या रात्रीच सासूबाईंना समजावला होता. सुदान्याला घुगऱ्या आणि दोन लाडू देऊन निरोप दिला. या वेळी सासूबाई त्याला स्वतःहून "मामा" म्हणाल्या आणि तो लाजला.

दुपारी चार बायका जमल्या, मुलीचं नाव ठेवलं. बायकोने कानाला स्कार्फ गच्च बांधला होता, कारण स्वयंपाकघराचं दार आता उघडं असे आणि वारा येत असे. सासूबाईंच्या कपाळावर लेप नव्हता. पाहुण्या गेल्यावर त्या ओट्याशी उभ्या राहून मोठं पातेलं घासत होत्या, गरम पाण्याने. मी दारात जाऊन उभा राहिलो. जावयाने सासूची क्षमा मागायची आमच्याकडे रीत नाही, त्यामुळे त्यासाठी वाक्यही तयार नाही. शुद्ध बोलायला गेलो तर क्रियापद चुकणार, ही भीती होतीच.

"आई," मी म्हणालो, "हवा माफी."

पातेलं घासायचा हात थांबला. मला वाटलं, आता लिंग सुधारणार. त्यांनी मागे वळून बघितलं नाही. उघड्या दारातून येणारा गार वारा त्यांच्या पदराला लागत होता.

"फी," त्या म्हणाल्या. "पुष्कळ फी."